घटक ५ : दुःखाचे कथन आणि वाचकाची जागा

५.१ या घटकाविषयी

मागील घटकात आपण आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराची घडण पाहिली. प्रस्तुत घटकात प्रश्न थोडा वेगळा आहे. एखादे पुस्तक वाचून आपण म्हणतो, ‘वाचून बरे वाटले.’ या साध्या वाक्याचा अर्थ काय?

मराठीत ‘बरे वाटणे’ हा शब्दप्रयोग दोन ठिकाणी होतो. ताप उतरल्यावर माणूस म्हणतो, ‘आता बरे वाटते.’ फार दिवसांनी जिवाभावाचे माणूस भेटले तरी म्हणतो, ‘भेटून बरे वाटले.’ पहिल्या वाक्यात व्याधी जाणे आहे, दुसऱ्यात कुणीतरी येणे आहे. पुस्तकाच्या बाबतीत हे वाक्य आपण उच्चारतो तेव्हा यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत असतो, हे ठरविल्याशिवाय साहित्य मनाला उभारी देते, दुसऱ्याला समजून घ्यायला शिकविते, यांसारखी विधाने परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिण्यापलीकडे उपयोगाची ठरत नाहीत. ती उत्तरपत्रिकांत भरपूर आढळतात, हे येथे नमूद करावेसे वाटते.

हा घटक अभ्यासल्यावर दुःखाच्या कथनात कथक स्वतःला कोणत्या नावाने किंवा सर्वनामाने दाखवितो, तो कोणाला उद्देशून बोलतो आणि त्यामुळे वाचकाला कोणती जागा मिळते, हे तुम्हांला मूळ पुस्तक हाती घेऊन तपासता यावे, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी चार पुस्तके निवडली आहेत : ‘श्यामची आई’, ‘स्मृतिचित्रे’, ‘बलुतं’ आणि ‘जिणं आमुचं’.

५.२ ‘विरेचन’ आणि ‘विश्रांती’

साहित्य आणि मनाचे आरोग्य यांचा संबंध जोडताना बहुतेक विवेचने ॲरिस्टॉटलपासून सुरू होतात. शोकात्मिकेच्या व्याख्येत त्याने ‘कॅथार्सिस’ ही संज्ञा वापरली. करुणा आणि भीती जागवून त्या भावनांचे कॅथार्सिस साधणे, हे शोकात्मिकेचे कार्य होय, असे तो सांगतो. मात्र त्या ग्रंथात तो या संज्ञेचे स्पष्टीकरण देत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर एवढी भाष्ये झाली. मराठी समीक्षकांनी तिच्यासाठी ‘विरेचन’ हा प्रतिशब्द रूढ केला. विरेचन हा आयुर्वेदातील पंचकर्मांपैकी एक उपचार. शरीरातील दोष रेचकाने बाहेर काढणे, हा त्याचा अर्थ. शब्द निवडला की त्याच्याबरोबर एक चित्रही येते. ‘विरेचन’ म्हटले की दुःख हा साचलेला मळ ठरतो, पुस्तक हे औषध ठरते आणि रडून झाले की काम संपते.

याच्या शेजारी भरताचे नाट्यशास्त्र ठेवून पाहा. पहिल्याच अध्यायात नाट्याचे प्रयोजन सांगताना दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्यांना ते विश्रांती देणारे ठरेल, असे म्हटले आहे. येथे शब्द ‘विश्रांती’ आहे. दुःख नाहीसे होईल, असे आश्वासन नाही. ओझे वाहणारा माणूस वाटेत ते क्षणभर खाली टेकवितो आणि पुन्हा उचलून चालू लागतो, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. मला स्वतःला हा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

पण विश्रांती मिळते कशी? दुसऱ्याचे दुःख वाचून आपल्याला स्वस्थता का लाभावी? संस्कृत काव्यशास्त्राने याला दिलेले एक प्रमुख उत्तर म्हणजे भट्टनायकाचा ‘साधारणीकरण’ हा सिद्धान्त. त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. अभिनवगुप्तासारख्या उत्तरकालीन आचार्यांच्या विवेचनातून तो आपल्याला कळतो. रंगभूमीवरील शोक हा अमक्या राजाचा किंवा तमक्या स्त्रीचा राहत नाही. व्यक्ती, स्थळ, काळ यांची बंधने गळून तो शोक सर्वसाधारण होतो आणि म्हणून सहृदयाला आस्वाद्य वाटतो, असा त्याचा आशय. ‘करुणरसापासून आनंद का होतो?’ हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी समीक्षेनेही पुष्कळ चघळला.

त्या चर्चेतील एक मत आपल्या विषयाला जवळचे आहे. १९२१ साली बडोदे येथे भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण पूर्ण एकरूप होत नाही. ‘मी मी आहे आणि हा दुसरा आहे’ हे भान शाबूत ठेवूनच तो दुसऱ्याच्या जीवनात शिरतो. ज्ञाता आणि ज्ञेय यांतील भेद, म्हणजे ‘विकल्प’, शिल्लक असतो, म्हणून ही समाधी सविकल्प. एकाच आयुष्यात अनेक आयुष्ये भोगण्याचा हा आनंद आहे, असे केळकरांचे म्हणणे. पुढील समीक्षकांनी या मतातील उणिवा दाखविल्या आणि त्या योग्यच आहेत. तरीही साधारणीकरणात जो भेद विरघळतो, तो केळकरांनी जपला, ही गोष्ट लक्षात ठेवा. ५.६ मध्ये आपल्याला तिची गरज लागेल.

जाता जाता एका शब्दाविषयी. ‘सहानुभूती’ हा शब्द फोडला तर ‘सह’ आणि ‘अनुभूती’, म्हणजे बरोबरीने अनुभवणे. व्यवहारात मात्र त्याला कीव, दया अशा छटा चिकटल्या. ‘मला तुमची सहानुभूती नको’ असे माणूस चिडून म्हणतो, तेव्हा तो बरोबरीचा अनुभव नाकारीत नसतो, वरून टाकलेली दया नाकारीत असतो. या अर्थांतरामुळेच अलीकडे ‘समानुभूती’ हा नवा शब्द वापरावा लागतो. शब्द बदलल्याने वृत्ती बदलते असे नाही. नव्या शब्दालाही तीच छटा चिकटू शकते.

५.३ ‘श्यामची आई’ : नाव बदलून सांगणे

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि ती १९३५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. हे पुस्तक तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळकरी वयात वाचले असेल. मोठेपणी ते पुन्हा वाचताना अवघडल्यासारखे होते, असा अनेकांचा अनुभव आहे. ‘फार रडवे पुस्तक’ असा शेराही त्यावर मारला जातो.

हा शेरा मारण्यापूर्वी पुस्तकाच्या रचनेकडे पाहा. गुरुजींची आई त्यांच्या तरुणपणीच, १९१७ साली गेली. लिहिताना मध्ये सुमारे पंधरा वर्षे लोटली आहेत. तरीही ते ‘माझी आई’ असे शीर्षक देत नाहीत. स्वतःला ‘श्याम’ हे नाव देतात आणि त्या श्यामला आश्रमातील मित्रांसमोर बसवितात. प्रकरणांना ‘रात्री’ म्हटले आहे. दिवसभराची कामे आटोपली की मंडळी जमतात, श्याम एक आठवण सांगतो, मंडळी पांगतात. दुसऱ्या रात्री दुसरी आठवण.

या योजनेने दोन गोष्टी साधल्या. ‘मी’ऐवजी नाव आल्यामुळे लिहिणाऱ्याला स्वतःच्या शोकापासून हातभर अंतर मिळाले. त्याचबरोबर पुस्तकात आधीच श्रोते बसलेले असल्याने वाचक एकटा पडत नाही. तो त्या बैठकीत मागे जाऊन बसतो. आपल्याकडे मर्तिकाच्या घरी शेजारीपाजारी येऊन बसतात. फारसे कोणी काही बोलत नाही, पण बसतात. ‘श्यामची आई’तील आश्रमाची मंडळी मला त्या बसण्याची आठवण करून देतात. शोक एका रात्रीत सांगून संपविण्याचा हव्यासही येथे नाही. मध्ये दिवस जातो, कामे होतात.

अश्रूंविषयी मतभेद असू शकतात. पुस्तकात उपदेशाचा भार आहे, हेही नाकारता येणार नाही. परंतु या बैठकीची घडण ध्यानात न घेता त्याला निव्वळ भावविवश ठरविणारी टीका उथळ आहे, असे माझे मत आहे.

५.४ ‘स्मृतिचित्रे’ : ज्याने दुखावले त्याला पाहणे

लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, माहेरचे आडनाव गोखले. अकराव्या वर्षी लग्न झाले. पती नारायण वामन टिळक पुढे कवी म्हणून प्रसिद्धीस आले. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंची त्याला संमती नव्हती आणि पूर्वसूचनाही नव्हती. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षे आप्तांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या, नंतर पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे निधन १९१९ चे. म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ वाचकांसमोर आली तेव्हा त्या ताटातुटीला चार दशके होत आली होती.

आता या जीवनक्रमाकडे एक क्षण कोऱ्या नजरेने पाहा. घरातले होते नव्हते ते कुणालातरी देऊन मोकळा होणारा, न सांगता घराबाहेर पडणारा, क्षणात संतापणारा आणि क्षणात विरघळणारा नवरा. त्यानंतर एक दिवस त्याने धर्म बदलल्याची वार्ता. त्या काळात याचा अर्थ जिवंतपणी कायमचा वियोग, शिवाय समाजाचा बहिष्कार. यातून आरोपपत्र तयार झाले असते, तर कोणी नवल केले नसते.

‘स्मृतिचित्रे’ हे आरोपपत्र नाही आणि क्षमापत्रही नाही. लक्ष्मीबाई घडलेली गोष्ट सांगतात. त्यात टिळकांचा तऱ्हेवाईकपणा आहे तसा स्वतःचा भाबडेपणाही आहे, आणि दोन्हींवर त्या सारख्याच मोकळेपणाने हसतात. हसणे म्हणजे दुखणे नव्हते असे नाही. वियोगाच्या काळातील प्रकरणे वाचताना हसू ओठांवरच थांबते.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे एक बारकावा टिपावा. पतीचे नाव न घेण्याची रीत त्या काळी कडक होती. मग आत्मकथनात पतीचा उल्लेख कसा करावा? रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात न्यायमूर्ती रानड्यांचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने येतो. १९३८ साली झालेल्या इंग्रजी भाषांतराला ‘हिमसेल्फ’ हे नाव मिळाले ते यामुळेच. बोलणारी बाई वेगळी, आणि ‘स्वतः’ म्हणजे पती! त्या व्याकरणात पत्नीला उभे राहायला जागाच थोडी उरते. (रमाबाईंनी त्या थोड्या जागेत किती सांगितले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.) त्यानंतर पाव शतकाने लक्ष्मीबाई सरळ ‘टिळक’ म्हणतात. आदरार्थी बहुवचन आहे, पण ‘हे’ नाही, ‘स्वारी’ नाही, ‘यजमान’ नाही. आडनावाने हाक मारावी तसा हा उल्लेख आहे. परक्या माणसाचे निरीक्षण करता येईल एवढे अंतर त्याने मिळते, आणि आदरही ढळत नाही. दुखावणाऱ्या माणसाला पाहायचे असेल, तर आधी त्याला आपल्या कातडीपासून थोडे दूर उभे करावे लागते. लक्ष्मीबाईंनी ते एका आडनावाने केले.

समजून घेण्याचा पल्ला पतीपाशी संपत नाही. लक्ष्मीबाईंचे माहेर पराकोटीच्या सोवळ्याचे होते. ओवळ्याच्या भयाने वस्तू धुऊन घेण्याचा वडिलांचा अट्टाहास पुस्तकाच्या आरंभी येतो. पतीकडे परतल्यावरही त्यांनी काही काळ आपले सोवळे सांभाळले. तेच सोवळे पुढे त्यांनी सोडले, ते पतीच्या आग्रहाने नव्हे, स्वतः विचार करून. हा प्रवास त्यांनी व्याख्यानाच्या सुरात सांगितलेला नाही. म्हणूनच त्या काळच्या सोवळ्या घरातील वाचकालाही तो ऐकता आला असावा.

येथे एक इशारा देणे भाग आहे. दुखावणाऱ्याला समजून घेणारे पुस्तक थोर आहे, म्हणून दुखावल्या गेलेल्या प्रत्येकाने तसेच समजून घेतले पाहिजे, असा नियम त्यातून निघत नाही. घरातल्या माणसाकडून छळ सोसणाऱ्या व्यक्तीच्या हाती ‘स्मृतिचित्रे’ देऊन ‘बघ, तिने कसे सोसले’ म्हणणे, हे त्या पुस्तकाचे कुवाचन आहे. लक्ष्मीबाईंनी सोशिकपणा शिकविण्यासाठी लिहिले नाही.

५.५ ‘बलुतं’ : दगडूचे ऐकणे

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीने प्रकाशित केले. गावगाड्यात वंशपरंपरेने करावयाच्या कामाबद्दल बलुतेदाराला मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुते. जन्माने वाट्याला आलेले दुःख हेच लेखकाचे बलुते, हा शीर्षकातील ध्वनी आहे.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक विलक्षण योजना आढळते. दया पवार यांची गाठ दगडू मारुती पवार याच्याशी पडते. दगडू बोलतो, दया पवार ऐकतात. दोघे अर्थातच एकच. एक लिहिता, शहरात नोकरी करणारा, नाव मिळविलेला. दुसरा महारवाड्यात आणि मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला. दया पवारांना दगडूला विसरता येत नाही आणि त्याच्यासह चारचौघांत वावरताही येत नाही. तो सल मिटविण्याचा आव न आणता लेखकाने त्याला कथनाचे रूप दिले : स्वतःच्या एका भागाला बोलू दिले आणि दुसऱ्याला ऐकायला बसविले.

आश्रमातील मित्रांसमोर बोलणारा श्याम आणि दया पवारांसमोर बोलणारा दगडू यांत साम्य आहे, फरकही मोठा आहे. श्यामचे श्रोते त्याच्यावर प्रेम करणारे आहेत. दगडूचा श्रोता तोच आहे, ज्याला दगडूची लाज वाटत आली. आपल्या लाजेला समोर बसवून तिचे ऐकून घेणे ही सोपी गोष्ट नव्हे. शिवाय दगडू स्वतःला झाकत नाही, आपल्या माणसांनाही झाकत नाही. घरातल्या, वस्तीतल्या उघड्यावाघड्या गोष्टी सांगितल्याबद्दल लेखकाला स्वकीयांचाही रोष पत्करावा लागला.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्कसत्रात मी ‘बलुतं’ शिकवीत होतो. एका विद्यार्थिनीने सांगितले, ‘सर, वाचताना रडू आलं. वाचून झाल्यावर मन हलकं झालं.’ मी समाधानाने मान डोलावली आणि विरेचनाचा मुद्दा फळ्यावर लिहू लागलो. मागच्या बाकावरून वयाने मोठे असलेले एक विद्यार्थी म्हणाले, ‘माझं नाही हलकं झालं. हे माझ्या घरातलं आहे.’ त्यांच्या स्वरात राग नव्हता. वर्गात कोणी काही बोलले नाही. माझ्याजवळही त्या वेळी उत्तर नव्हते, मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तसे वळायला नको होते.

एकच पुस्तक, एकच वर्ग, आणि एकाचे हलके होणे दुसऱ्याला ऐकवत नाही. याचा उलगडा रससिद्धान्ताच्या परिभाषेने पूर्ण होत नाही. सहृदय हा सहृदय असतो, त्याची जात, त्याचे घर, त्याच्या आजीने कोणाच्या दारात उभे राहून भाकरी मागितली किंवा कोणाला दारात उभे ठेवले, हे त्या परिभाषेत विचारलेच जात नाही. साधारणीकरणाची सोय ही, की त्यात सर्वांचे दुःख सारखे होते. अडचणही हीच आहे.

५.६ ‘आमचं’ आणि ‘आपलं’

या अडचणीची उकल करायला मराठीचे व्याकरणच मदतीला येते. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत : ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ हे श्रोत्याला वगळते, ‘आपण’ हे श्रोत्याला सामावून घेते. घरी आलेल्या पाहुण्याला ‘आम्ही जेवतो’ म्हटले तर त्याने ओसरीवर बसून राहायचे, ‘आपण जेवू’ म्हटले तर त्याचे पान वाढले गेले. भाषाशास्त्रात यांना अनुक्रमे व्यावर्तक आणि समावेशक रूपे म्हणतात. गुजरातीत हा भेद आहे, तमिळ आणि तेलुगू या द्राविडी भाषांतही आहे. हिंदीतील ‘हम’ला किंवा इंग्रजीतील ‘वुई’ला तो दाखविता येत नाही. (‘आपण’ची आणखी रूपे आहेत. ते आदरार्थी द्वितीयपुरुषी आहे, आत्मवाचकही आहे, आणि ‘आपण नाही बुवा येणार’ असे म्हणणारा तर केवळ स्वतःविषयी बोलत असतो. ती येथे बाजूला ठेवू.)

आता बेबी कांबळे यांच्या पुस्तकाचे शीर्षक पाहा : ‘जिणं आमुचं’. ‘जिणं आपलं’ नव्हे. हा केवळ लयीचा प्रश्न नाही.

बेबीताई सातारा जिल्ह्यातील फलटणच्या. तेथे छोटे दुकान चालविताना माल बांधायला येणाऱ्या रद्दीच्या कागदांवरचा मजकूर त्या वाचत. वाचनातून लेखन सुरू झाले, पण ते त्यांनी घरच्यांपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. फलटणमध्ये स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनामुळे ते प्रकाशात आले. प्रथम ‘स्त्री’ मासिकातून, आणि १९८६ साली पुस्तकरूपाने. महारवाड्यातील दैन्य, सण, भूक, बाळंतपणे, अंगात येणे, लहान वयात सासरी गेलेल्या मुलींचे हाल आणि डॉ. आंबेडकरांच्या विचाराने बदलत गेलेली माणसे, असा या पुस्तकाचा आवाका आहे.

आत्मकथन म्हणून ते हाती घेणारा वाचक थोडा गोंधळतो, कारण ‘मी’ फार थोडा वेळ दिसते. कथन बहुतांशी ‘आम्ही’चे आहे. आपल्या एकटीचे दुःख वेगळे काढून दाखवावे असे लेखिकेला वाटत नाही. समाजाचे जे झाले तेच आपले. या ‘आम्ही’त आधार आहे, बळ आहे. पण त्या ‘आम्ही’च्या आतही भेग आहे, हे लेखिका लपवीत नाही. बाहेर गावाची गुलामी आणि घरात सासूची, नवऱ्याची, अशी दुहेरी कोंडी त्या सांगतात. स्वतःच्या संसारातील मारहाणीबद्दल मात्र त्या पुस्तकात मौन पाळतात. ते त्यांनी पुढे माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत उघड केले. एकेका सर्वनामाआड किती राहून जाते, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. माया पंडित यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००८ साली ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ या नावाने निघाले. नाव समर्पक आहे, पण ‘वुई’मध्ये ‘आमुचं’ची धार उतरू शकत नाही, कारण इंग्रजी वाचकाला आपण या ‘वुई’च्या आत आहोत की बाहेर, हे व्याकरण सांगत नाही.

मराठी वाचकाला ते लगेच कळते. जो वाचक त्या ‘आम्ही’तला आहे, त्याच्यासाठी हे पुस्तक आपल्या आजी-पणजीचे ऐकणे आहे. नाव नसलेल्या, घरात कधी उच्चारल्या न गेलेल्या गोष्टींना येथे शब्द मिळतात. त्याने मन हलके होईल किंवा अधिक जड होईल, पण ‘हे फक्त माझ्याच घरात होते’ हा एकटेपणा कमी होतो. जो वाचक त्या ‘आम्ही’बाहेरचा आहे, त्याला शीर्षकच सांगते की हे तुमचे नाही. तुम्ही ओसरीवर बसा आणि ऐका. ओसरी ही अपमानाची जागा नव्हे. ऐकणाऱ्याची ती जागा आहे. तेथे बसून घाईने ‘शेवटी दुःख सगळ्यांचे सारखेच’ असे म्हणणे, म्हणजे ‘आमुचं’ हा शब्द खोडून त्यावर ‘आपलं’ असे लिहिणे होय.

केळकरांचा ‘विकल्प’ येथे उपयोगी पडतो. मी हा नाही, हे भान ठेवून जो दुसऱ्याच्या आयुष्यात शिरतो, त्याला त्या आयुष्यातील स्वतःची खरी जागा दिसू शकते, आणि ती जागा कधी कधी दाराबाहेर उभ्या केलेल्याची नसते, दार लावणाऱ्याची असते. ते दिसल्यावर बरे वाटत नाही. तरीही दुसऱ्याला समजून घेण्याची सुरुवात त्या न-बरे-वाटण्यापासून होते, असे मला अध्यापनाच्या अनुभवावरून वाटते. केळकरांच्या मनात अर्थातच हा सामाजिक अर्थ नव्हता. तो आपण त्यांच्या संज्ञेत भरीत आहोत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आणि येथेच एक कबुली. या घटकाच्या पहिल्या ओळीपासून मी ‘आपण पाहिली’, ‘आपण म्हणतो’ असे लिहीत आलो आहे. पाठ्यपुस्तकांची ती रीतच आहे. पण हे ‘आपण’ कोण? त्या रविवारी फळ्यापाशी उभा असताना माझ्या तोंडीही हेच सर्वनाम होते, आणि मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने नेमके तेच नाकारले होते. या पुस्तिकेचे वाचक कोण आहेत, हे मला ठाऊक आहे : दिवसभर नोकरी करून रात्री अभ्यास करणारे, शिक्षण मध्येच सुटलेल्या गृहिणी, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेले. त्यांच्यापैकी कोणी ‘बलुतं’ बाहेरून वाचील, कोणी आतून. कोणी ‘स्मृतिचित्रे’ हसत वाचील, आणि कोणाला दोन पानांनंतर ते मिटून ठेवावे लागेल. नुकतेच कुणी गेले असेल तर ‘श्यामची आई’ हाती धरवणार नाही. अशा वेळी पुस्तक बाजूला ठेवणे हेही वाचनच आहे. ते अभ्यासक्रमात नेमलेले असले तरी.

५.७ स्वाध्याय

(अ) ‘स्मृतिचित्रे’मधील वियोगकाळाचे कोणतेही एक प्रकरण निवडा. त्यात ‘टिळक’ हा उल्लेख कोठे येतो, कोठे टळतो आणि त्या जागी काय येते, याची नोंद करा. नोंदीवरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. प्रथम किमान पाच पानांची नोंद पूर्ण करा.

(आ) ‘जिणं आमुचं’मध्ये ‘आम्ही’ म्हणता म्हणता कथन ‘मी’कडे वळते अशा तीन जागा शोधा. हे वळण कोणत्या प्रसंगी येते? ‘आम्ही’च्या आत असलेला वाचक आणि बाहेरचा वाचक, दोघांच्या दृष्टीने एकेक परिच्छेद लिहा. तुम्ही स्वतः कोणत्या बाजूला आहात, हे उत्तरात सांगण्याची सक्ती नाही.

(इ) स्वतःच्या आयुष्यातील मनाला लागून राहिलेला एखादा प्रसंग प्रथम ‘मी’ वापरून लिहा. नंतर तोच प्रसंग स्वतःला दुसरे नाव देऊन लिहा. तिसऱ्या वेळी, त्या प्रसंगात ज्याने तुम्हांला दुखावले किंवा ज्याला तुम्ही दुखावले, त्याला बोलू द्या आणि स्वतः ऐका. तिन्हींपैकी कोणता मजकूर लिहिणे जमले नाही, तेवढे वहीत नोंदवून ठेवा. हा मजकूर अभ्यासकेंद्रावर जमा करावयाचा नाही.